गप्पकाकांचा भोंगा

गप्पकाकांनी छत्तीस वर्षं ग्रंथालयात लोकांना गप्प केलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या गाडीला एअर हॉर्न बसवायला घेतला. माणूस असा उलटा फिरला की त्यामागे बहुधा बायको असते. काकांच्या मागे होती, फक्त शेजारच्या सीटवर नव्हती. गेला महिनाभर ती गाडीत पाऊल टाकायला तयार नव्हती.

झालं होतं असं, की गोदामाच्या गल्लीत एक ट्रक मागे मागे येत त्यांच्या गाडीला बॉनेटवर पोचा पाडून गेला. "मी हॉर्न दाबला हो, पण त्या पिपाणीला कोण विचारतो!" असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी हॉर्नला हातच लावला नव्हता. दोन्ही पाय ब्रेकवर, दोन्ही हात कानांवर ठेवून ते डोळे मिटून बसले होते. तेव्हापासून बायको आठवड्यातून दोनदा आजारी बहिणीकडे जायची ती दुखरा गुडघा घेऊन, दोन बस बदलून. आणि काका रिकाम्या गाडीतून त्या बसच्या मागे मागे.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन आला. पिशवीतून दोन लाल कर्णे, त्यांत हवा भरणारा मुठीएवढा कॉम्प्रेसर आणि तारांचा गुंता निघाला.

"कर्ण्यांची तोंडं जरा खाली ठेवायची भाऊजी, नाहीतर पाणी साचतं."

"आवाज फार मोठा आहे का रे?"

"तुमच्या ग्रंथालयातली वाळवी राजीनामा देईल."

कर्णे बसले, कॉम्प्रेसर बसला. मेहुणा फ्यूज आणायला गेला आणि स्टिअरिंगखाली तारा लोंबकळत राहिल्या. काकांना ते बघवेना. विस्कटलेलं कपाट दिसलं की शिवशिवणारे हात ते! त्यांनी तारा रंगावर लावल्या. लाल लालला, पिवळी पिवळीला, वर चिकटपट्टी, त्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या.

मेहुणा आला, तो नेटकेपणा पाहून भारावला आणि त्याच भरात फ्यूज खोचून मोकळा झाला. "वस्तीत नको, मोकळ्यावर वाजवून बघू. ताई, चल ना गं. मी आहे मागे."

"कोपऱ्यापर्यंतच हं," म्हणत ताई बसली. काकांनी गाडी इतकी हळू काढली, की ब्रेकची गरजच पडली नाही.

कोपऱ्यावर गोदामाची गल्ली. आणि गल्लीतून मागे मागे येणारा ट्रक.

काकांनी अनुभवी माणसासारखं तेच केलं. पाय ब्रेकवर, हात कानांवर. आणि गाडीने असा काही भोंगा फोडला, की ट्रक जागच्या जागी थिजला. ड्रायव्हर उडी मारून खाली आला. "काका, मला वाटलं मागून आगगाडी आली!"

भोंगा चालूच. "भाऊजी, पाय काढा! हँडब्रेक ओढा!" मेहुणा ओरडला.

आवाज थांबल्यावर तो स्टिअरिंगखाली वाकला. "ब्रेकच्या दिव्याची तार हॉर्नला कोणी जोडली?"

"दोन्ही लाल होत्या," काका म्हणाले. "एका कप्प्यातल्या वाटल्या."

ताई पदराने डोळे पुसत हसत होती. महिनाभरात पहिल्यांदाच. काकांना धीर आला. "तुला एक सांगायचंय. मागच्या वेळी मी हॉर्न..."

"दाबला नव्हता. अहो, मी शेजारीच बसले होते. कान धरून बसला होतात, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुम्हाला खोटं पाडू? आणि हा वेडा कितीही मोठा कर्णा बसवेल, वाजवणार कोण?"

मेहुण्याने डोकं खाजवलं. मग ब्रेकच्या दिव्याची तार दिव्याला दिली, आणि पिशवीतून एक जास्तीचं बटण काढून ते ताईच्या बाजूला, तिच्या हाताशी बसवायला घेतलं.

काकांना दोघांचेही आभार मानायचे होते. पण इतक्या वर्षांच्या सवयीने मोठ्याने काही बोलवेना. त्यांनी मेहुण्याला उजेडासाठी हातातली बॅटरी धरली. पाऊण तास धरली. डोळ्यांसमोर तारा वाट्टेल तशा लोंबकळत होत्या. काकांनी एकीलाही बोट लावलं नाही. मेहुण्याला ते कळलं असावं, कारण उठताना त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

ताईने पट्टा लावला, बटणावर अंगठा टेकवून पाहिला.

"चला, बहिणीकडे. तुम्ही नुसते पुढे बघा."

काका पुढे बघत राहिले. समोरचं जरा धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी आधी चष्मा पुसला.