तीन पाण्यांचा कंद

मी टोप बोलतोय. पितळेचा, रुंद तोंडाचा, एका कानाने अधू. भांड्याला कसली आलीय काळजी, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटात काय शिजतंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं आणि सांगता मात्र येत नाही. सगळा जन्म मी याच घोरात काढला.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हा काच कारखान्यातल्या एका कामगाराच्या बायकोने मला पसंत केलं. तिने नखाने टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हाच द्या." तिला दोन मुली. थोरली चार घरी जाऊन येईपर्यंत धाकटी माझ्याजवळच बसून असायची. झाकण थडथडायला लागलं की हसायची.

धाकटी आठ वर्षांची असताना कारखान्याची भट्टी विझली. दुकानांतली फडताळं रिकामी झाली. कारखान्यामागच्या टेकडीवर एक कंद उगवायचा, काळा, केसाळ, जिभेला लावला तर तोंड वाकडं होईल इतका कडू. आधी लोक म्हणत, ते डुकरांचं खाणं. मग म्हणू लागले, डुकरंसुद्धा जपूनच खातात. आणि एके दिवशी सगळी वस्तीच कुदळी घेऊन टेकडीवर दिसू लागली.

धाकटीच्या आईला एका म्हातारीने रीत सांगितली होती. पातळ चकत्या करायच्या, उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं. मग दोन दिवस चकत्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात. मग पुन्हा दोनदा उकळायच्या, दोन्ही वेळा पाणी फेकायचं. तीन पाणी गेल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

एका दुपारी आई पहिलं पाणी ओतून ओढ्यावर टोपली ठेवायला जागा बघायला गेली. तेवढ्यात धाकटीचे वडील कामाच्या शोधात पायपीट करून घरी आले. त्यांनी माझं झाकण उचललं. माझा जीव टांगणीला लागला. झाकण हातातून पडावं, मी चुलीवरून कलंडावं, काहीतरी व्हावं असं वाटत होतं. चार चकत्या त्यांनी उभ्या उभ्या खाल्ल्या. धाकटी दारातून बघत होती. पोरीला काय कळणार? बाबा जेवतायत, एवढंच तिला कळलं.

संध्याकाळी त्यांची जीभ जड झाली, हात कापू लागले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आठव्या दिवशी आईने पुन्हा तोच कंद माझ्यात टाकला. दुसरं होतं काय? त्या दिवसापासून ती मात्र तीन पाणी होईपर्यंत माझ्यासमोरून हलायची नाही. असं दोन वर्षं चाललं.

मग कारखाना दुसऱ्या कोणी घेतला, भट्टी पेटली, दुकानांत पाव आला. टेकडीवर कोणी फिरकेना. गंमत म्हणजे, त्या कंदाचं नावही वस्तीतून नाहीसं झालं. ज्यांनी तो पोटभर खाल्ला होता तेच आता त्याच्या नुसत्या वासाने नाक मुरडू लागले.

धाकटी शिकली, टपालाच्या खिडकीवर नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. निघताना आईने मला तिच्या सामानात ठेवलं. सासरी पहिल्याच आठवड्यात थोरल्या नणंदेने विचारलं, "त्या वाईट दिवसांत तुमच्याकडे कंदमुळं वगैरे खायचे का गं?"

"छे हो वन्सं," धाकटी झटकन म्हणाली, "आमच्यात नाही असलं खात."

त्याच दुपारी तिने मला माळ्यावर चढवलं. टाकूनही दिलं नाही आणि डोळ्यांसमोरही ठेवलं नाही.

माळ्यावर मी चाळीसएक वर्षं काढली, पोटात जुनी वर्तमानपत्रं घेऊन. पण उरलेला कान शाबूत होता. खालच्या स्वयंपाकघरात काय खावं आणि काय नाही, यावरून रोज एक नवा कायदा निघायचा. धाकटीचा मुलगा लहान असताना डॉक्टर म्हणाले, अंड्यातला बलक रोज द्या. तो मोठा झाल्यावर तेच डॉक्टर म्हणाले, बलक काढून टाका. पुढे त्यांच्या मुलाने दवाखाना चालवायला घेतला, तो म्हणाला, बलक कोणी टाकायला सांगितला? कुत्र्याची छत्री म्हणून पोरांना जिच्यापासून लांब ठेवायचे, ती पाकिटातून येऊन पावावर बसली. चाळून गुरांना घालायचा तो कोंडा औषध म्हणून विकत आणू लागले. मी वर बसून ऐकायचो आणि मनात पाल चुकचुकायची. उद्या यांना टेकडी आठवली तर?

आठवलीच. घरात सून आली ती आचारीण. तिने गल्लीच्या टोकाला खानावळ काढली. सहा टेबलं, स्वच्छ फरशी, मोठी खिडकी. विस्मरणात गेलेले पदार्थ लोकांना खाऊ घालायचे, असं तिच्या मनात होतं. माळा धुंडाळताना मी तिला सापडलो. "आई, एवढा सुंदर टोप तुम्ही लपवून ठेवलात!" धाकटी उठून आत निघून गेली. सुनेने मला चिंचेने घासलं, आतून कल्हई लावून आणली. इतक्या वर्षांनी चकाकताना मी हरखून गेलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात चकत्या पडल्या आणि माझं अंग गारठलं. तोच कंद. बाजारात एका विक्रेत्याने सुनेला दिला होता. "उकडून घ्या, झालं," एवढंच त्याने सांगितलं होतं.

त्या दुपारी खानावळीत चौदा पाहुणे यायचे होते. सुनेने कंद एकदा उकळला, पाणी ओतलं, वर लोणी आणि मिरी घातली. चाखायला चमचा उचलला, तोच पाहुणे आले म्हणून तो तसाच ठेवून ती बाहेर गेली. मी घामाघूम. वाफ म्हणा हवं तर. एकेक ताटली माझ्यासमोर भरली जात होती.

धाकटी आपल्या नणंदेला घेऊन आली तेव्हा ताटल्या टेबलांवर पोचत होत्या. दारातच ती थबकली. वास तिने ओळखला होता. तिने नणंदेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मी मनात ओरडत होतो, बोल गं बाई, बोल!

"कोणी खाऊ नका!"

टपालाच्या खिडकीवर हाक मारायची तो आवाज. उचललेले काटे-चमचे हवेतच थांबले. सून धावत आली. "आई, काय झालं? थोडा कडवट असेलही, पण हल्ली कडवट चालतं लोकांना."

"एकाच पाण्याचा आहे ना? विष आहे ते. ताटल्या उचल."

"तुम्हाला कसं माहीत?"

धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी खाल्लाय. दोन वर्षं. याच टोपातून. आणि माझे बाबा एका पाण्याचा खाऊन गेले. मी दारात उभी होते."

सुनेने एका शब्दानेही वाद घातला नाही. तिने चौदाच्या चौदा ताटल्या उचलल्या, प्रत्येक पाहुण्याला विचारलं, घास गेला का? एकाचाही गेला नव्हता. मग तिने सगळ्यांना अंडी करून पावाबरोबर वाढली. पहिली तीन अंडी तिच्या हातून निसटून फरशीवर फुटली.

धाकटी कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. नणंद हळूच तिच्याशेजारी टेकली.

"वहिनी, आमच्याकडे पेंड खायचे," ती म्हणाली. "गोठ्यातली. रात्रभर भिजवून. तुला मी तो प्रश्न विचारला होता ना, तो का विचारला होता माहितीये? तू हो म्हणाली असतीस तर मीही सांगणार होते."

मग नणंद एकदम हसली आणि धाकटी रडायला लागली. का कोणास ठाऊक, मला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात धाकटीने सुनेला सगळं शिकवलं. ओढा नव्हता, म्हणून दोन दिवस चकत्या बारीक धारेच्या नळाखाली ठेवल्या. तिसरं पाणी ओतल्यावर धाकटीने पहिली चकती स्वतः खाल्ली आणि घड्याळ समोर ठेवून संध्याकाळपर्यंत बसली. सून दर पाच मिनिटांनी विचारत होती, "जीभ जड वाटते का?" शेवटी धाकटी वैतागली. "तू इतकं विचारतेयस की बोलून बोलूनच जड होईल!" संध्याकाळ झाली. मग नणंदही येऊन बसली आणि तिघी जेवल्या.

आता दर गुरुवारी हा कंद खानावळीत असतो. लोक लांबून येतात, ताटलीचे फोटो काढतात, बोटं चाटतात. मी चुलीवर असेपर्यंत धाकटी शेजारी स्टुलावर बसून असते. तिने मान हलवल्याशिवाय माझं झाकण कोणी उचलत नाही.

पण ती सत्तरीची झाली. परवा दुसरं पाणी ओतल्यावर ती सुनेला विचारत होती, "हे दुसरं की तिसरं गं?" तेव्हापासून माझ्या जिवाला पुन्हा घोर लागलाय. सुनेने भिंतीवर लिहून ठेवलंय, पण भिंतींना रंग देतात. काही वर्षांनी लोकांना या कंदाचा कंटाळा येईल, मग त्याची लाज वाटेल, मग तो कोणाच्या लक्षातही राहणार नाही. आणि कधीतरी कोणीतरी तो पुन्हा शोधून काढेल.

तेव्हा माझ्यासारख्या टोपाला चुलीवर चढवण्याआधी घरातल्या एखाद्या म्हातारीला विचारा. आपण असलं काही खाल्लंच नाही, असं ती म्हणेल. तिच्याजवळ बसा, आणि पुन्हा विचारा.