दोन बोटं माया

मी हेल्मेट बोलतोय. बातमी आली तेव्हा मी घरीच होतो.

मंगळवार होता. शिलाई मशीनच्या टेबलावर मी उलटा, वाडग्यासारखा पडलो होतो. आतलं अस्तर काढून शेजारी ठेवलेलं. ताई कुणाचा तरी पडदा शिवत होत्या. ताई म्हणजे माझ्या मालकाची बायको. पुढच्या खोलीत शिवणकाम करतात, गिऱ्हाइकं ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. सव्वाअकराला फोन वाजला.

"हो, मीच बोलतेय... कुठं?... बरं."

फोन ठेवून त्यांनी पडद्याची राहिलेली शिवण टोकापर्यंत मारली. दोरा कापला. मशीनवर झाकण घातलं, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेल्या. दार उघडंच राहिलं.

माझा जन्म कारखान्यातला. आमच्या तुकडीतला एक उचलून लोखंडी ठोकळ्यावर आपटून पाहिला. तो आतून चेचला, पण ज्यासाठी चेचायचं असतं ते त्यानं केलं. त्याच्या जिवावर आम्ही सगळे पास झालो आणि दुकानाच्या फळीवर येऊन बसलो.

मालकाला त्याचे सोबती 'भिंगरी' म्हणत. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचं त्याचं काम. त्यासाठी त्यानं नवी विजेवरची गाडी घेतली, चांगली वेगाची. ताईंना ती गाडी धड पाहवेना. नाश्त्याला बसला असतानाच त्यांनी त्याच्या डोक्याभोवती टेप गुंडाळला.

"अहो, हलू नका. पावणेतेवीस."

"अगं, डोक्याचं माप घेतेस की अकलेचं?"

"अकलेला एवढा टेप लागला नसता."

ते माप घेऊन त्या एकट्याच दुकानात आल्या. दुकानदारानं माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे एक नंबर लहान हेल्मेटला, खाली काढलं.

"ताई, या मापाला हेच. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे माणसाला वाटतं आपण हळूच चाललोय. ती चालवणाऱ्याला हेल्मेट पक्कंच बसलेलं हवं."

ताईंनी त्यात हात घालून पाहिला. "फार आवळतंय. एक नंबर मोठं द्या. दोन बोटं तरी माया हवी."

कपडा शिवताना शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. पुढं अंग सुटलं तर उसवून वाढवता येतं.

"अहो, हा काय शर्ट आहे?" दुकानदार हसला. "गाल दाबले गेलेच पाहिजेत. चार दिवसांत स्पंज बसतो."

"वीस वर्षं मापं घेतेय मी. घट्ट झालेला कपडा माणूस खुंटीवरच ठेवतो. यांनी हे रोज घालायला हवंय मला."

दोघांचंही खरं होतं. मी मोठा होतो, म्हणून मला पिशवीत घातलं.

भिंगरीनं मला घातलं, आरशासमोर उभा राहिला आणि मान वळवली. मान वळली, मी समोरच बघत राहिलो.

"बघ गं, डोकं माझं आणि तोंड शेजाऱ्याचं!"

ताईही हसल्या. पण रोज घालायचा त्यांनी शब्द घेतला होता आणि त्यानं तो पाळला. अकरा दिवस मी रोज त्याच्या डोक्यावर होतो. खड्डा आला की मी डोळ्यांवर उतरायचो, आणि सिग्नलला थांबला की तो एका बोटानं मला वर ढकलायचा. हनुवटीचा पट्टाही लावायचा. कुणी बघत नसतानाही लावायचा. हे मला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तो मला घालून दारात उभा होता. ताईंना ते बघवेना.

"काढा ते. आज राहू द्या घरी. दोन्ही बाजूंनी पट्ट्या शिवून घट्ट करते. संध्याकाळी तयार असेल."

"आणि आज?"

"एका दिवसानं काय होतंय?"

त्यानं मला त्यांच्या हातात दिलं.

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचं दार अचानक उघडलं, एवढंच झालं. गाडीला फारसं काही झालं नाही. नमुन्यांच्या पेटीतली एक बाटलीही फुटली नाही, असं प्रयोगशाळेचे साहेब भेटायला आले तेव्हा म्हणाले. पुढं काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "हेल्मेट नव्हतं म्हणे."

सासूबाई धाकट्या मुलाकडे राहायच्या. त्या दिवशी आल्या आणि मग इथेच राहिल्या. साहेबांना त्यांनीच उत्तर दिलं.

"लहानपणापासून तसलाच. सांगितलेलं ऐकेल तर शपथ! बायकोनं एवढं आणून दिलं, ते घरात ठेवून गेला."

येईल त्याला त्या हेच सांगायच्या. सांगताना रडायच्या नाहीत, रागवायच्या. मेलेल्या मुलावर रागावलं की तो थोडा वेळ जिवंत असल्यासारखा वाटत असेल. ताई पाण्याचा पेला पुढं करायच्या, रिकामा झाला की उचलायच्या. मला कपाटात तुकड्यांच्या गाठोड्यामागे ठेवलं होतं. दार बंद असलं तरी ऐकू यायचं.

मला विकत घेणाऱ्यांना एकच सांगतो. माप जेवढं, तेवढंच घ्या. पट्टा लावून मान हलवा. मी तुमच्याबरोबर हललो पाहिजे. पहिले काही दिवस गालांना टोचेन, टोचू द्या. आणि घरी कुणी कितीही प्रेमानं म्हणालं, तरी माझ्याशिवाय निघू नका. चुकून मोठा आणलाच असेल, तर आधी बदलून आणा आणि मग गाडी काढा.

दीड महिन्यानं ती पडदेवाली बाई आली. सासूबाईंनी तिलाही सुरुवात केली, "आमचा हा म्हणजे..." ताईंनी उठून कपाट उघडलं आणि मला टेबलावर ठेवलं.

"आई, बास. ऐकत होते ते. रोज घालायचे. त्या दिवशी मीच काढून ठेवायला लावलं. मोठं आणलं तेही मीच."

पडदेवाली पडदे न घेताच उठून गेली. सासूबाईंनी मला ओढून घेतलं. आत हात घातला, जिथं अस्तर हवं होतं तिथं बोटं फिरवली. ताई समोर उभ्या होत्या.

"चूक माझीच ना, आई?"

सासूबाईंनी मला खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दूध उतू जाईल, बघ."

त्यानंतर त्यांनी कुणालाही मुलाबद्दल वावगं सांगितलं नाही. दोघी समोरासमोर बसून जेवतात. कुणी कुणाला वाढायचं विसरत नाही. मशीन पुन्हा सुरू झालं आहे. मी टेबलावर तसाच आहे, कपाटात कुणी परत ठेवलं नाही. ताईंनी मध्ये आणखी एकदा तेच विचारलं, तेव्हा सासूबाई कपडे वाळत घालत होत्या.

त्यांनी पुढचा कपडा झटकला आणि दोरीवर टाकला.