चौथाई टाकी

"गाडी पेट्रोल खात नाही अलोंग, ढोसते," उसू म्हणाला आणि भातावर आसाम पेडासचा, माशाचा आंबट-तिखट रस्सा ओतून घेतला. "लिटरला आठ. नवी होती तेव्हा तेरा देत होती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोनदा बघितली. म्हणतात, गाडीत काही नाही, चालवायची पद्धत बदला."

"आठ म्हणजे फारच झालं," मी म्हणालो. आवाजात काळजी आणली, पण आत गारगार वाटत होतं.

माकने, म्हणजे आमच्या आईने, माशाच्या डोक्याजवळचा मऊ तुकडा काढून त्याच्या ताटात ठेवला. "तुझा भाऊ बघेल ना. त्याच्या हाताखालून किती गाड्या गेल्यात."

माझ्या ताटात शेपटीकडचा तुकडा होता. तो मीच उचलून घेतला होता, हे खरं. तरी मला राग आलाच.

सांगूनच टाकतो, मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. मी कमसानी, घरातला अलोंग, म्हणजे थोरला. जुराइमी आमचा उसू, शेंडेफळ. वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि तो सहा. मलेशियाच्या टोकाला जोहोर बारूत, तंपोईच्या रस्त्यावर वडिलांचं गॅरेज होतं, ते मी धरलं आणि आजतागायत धरून बसलोय. तो शिकला, पूल ओलांडून सिंगापूरला गेला. नोकरी तिथली, बायको तिथली, आता गाडीची पाटीही तिथलीच. माक माझ्याकडे राहते. तिच्या गोळ्या, तिचा गुडघा, तिच्या इस्पितळाच्या खेपा, सगळं माझ्याकडे. रविवार मात्र उसूचा. सकाळी नऊपासून ती इस्त्री केलेला तुदुंग डोक्याला गुंडाळून, पिन टोचून ओसरीत बसते. मग गल्लीच्या तोंडाशी ती गाडी घुमते. लाल, बुटकी, चार दारांची, पाठीला पंख लावलेली. गल्लीत शिरताना आवाज कमी करावा, एवढी अक्कल त्याला नाही.

"गाडी वळली की तुमचं तोंड बघावं," माझी बायको रोकिया म्हणते. "जणू सवतच आली."

तीन वर्षांत मी त्या गाडीत एकदाही बसलो नव्हतो. कोणी विचारलं तर सांगायचो, सीट फार खाली आहे, माझी पाठ धरते.

त्या रविवारी उसू गाडी माझ्याकडे ठेवून बसने परत गेला. सोमवारी मी ती आत घेतली. चाकांत हवा कमी होती, ती भरली. एअर फिल्टर ठीक होता. गाडी उचलून चारही चाकं हाताने फिरवली; मोकळी फिरली, म्हणजे ब्रेक चिकटत नव्हते. प्लग काढले तर काजळीने काळे. स्कॅनर लावला तेव्हा दिसलं की गाडीचा संगणक पेट्रोल जमेल तितकं कमी करत होता. इंजिनाला ठाऊक होतं की कुठून तरी जादा पेट्रोल येतंय. कुठून, ते त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही.

नवे प्लग घातले आणि ॲव्हरेज मोजायला निघालो. मोजायची आमची पद्धत साधी आहे. नोझल टकन थांबेपर्यंत भरायचं, चालवायचं, आणि पुन्हा त्याच पंपावर टकन थांबेपर्यंत भरायचं. कोटा तिंग्गीच्या रस्त्याला रोज जाऊन येत होतो. मंगळवारी लिटरला नऊ पडलं. बुधवारी अकरा. शुक्रवारी नमाजानंतर गेलो तर साडेबारा. हवा आणि प्लग सोडले तर मी काहीही केलेलं नव्हतं आणि गाडी आपोआप सुधारत होती.

पाठ अजिबात धरली नाही, हेही कबूल करतो. ताडाच्या मळ्यांमधल्या त्या सरळ रस्त्यावर मी काच खाली करून गाणं म्हटलं. वाटलं, ह्याच्या हातात आजारी पडते आणि माझ्या हातात बरी होते, म्हणजे चूक कोणाची ते उघड आहे. शनिवारी रात्री जेवताना माकलाही ऐकवलं, "गाडीत काही नव्हतं. हात लागतो चांगला."

"बरं झालं," माक म्हणाली. "उसूचा घोर मिटला."

रविवारी तो गाडी घेऊन गेला. पुढच्या रविवारी आला तो हसतच. "साडेआठ. अलोंग, तुझ्या हाताचा गुण पुलापर्यंतच टिकतो वाटतं. आणि पेट्रोल भरलं की सुरूच होत नाही. तीनचार वेळा खोकते, मग निघते."

हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. माझे कान टवकारले. "कुठल्या पंपावर भरतोस?"

"इथल्याच. जायच्या आधी मी आणि माक जाऊन येतो ना."

"माक कशाला?" दोघं चारला चक्कर मारायला जातात, एवढंच मला ठाऊक होतं.

दोघं एकमेकांकडे बघून हसली. सत्तर ओलांडलेली माझी आई तोंडावर हात ठेवून हसली. "तूही चल की आज," ती म्हणाली. "तू कधी येतच नाहीस."

मी मागे बसलो, गुडघे छातीला लावून. पुढची सीट माकची होती.

पंपाची गोष्ट अशी आहे. सिंगापूरहून निघताना टाकी तीन चतुर्थांश भरलेली नसली तर पुलावरून परत पाठवतात. आमच्याकडचं पेट्रोल स्वस्त पडतं, म्हणून त्यांनी तो नियम केलाय. मग इकडे येऊन भरायला उरते चौथाई टाकी. त्या चौथाईत जास्तीत जास्त कसं कोंबायचं ह्यावर तिकडचे लोक फार डोकं चालवतात. नोझल थांबलं की गाडी धरून गदागदा हलवतात, आतली हवा वर आली की आणखी थोडं घालतात. पंपावर उभं राहून त्यांना हसणं हा आम्हा जोहोरवाल्यांचा जुना विरंगुळा. मीही कितीदा हसलोय. आपला भाऊ त्यातलाच असेल हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

नोझल टकन थांबलं. उसू म्हणाला, "माक, चल."

माक उतरली. जिला इस्पितळाच्या पायऱ्या चढवताना मी दर पायरीला थांबतो, ती गाडीला वळसा घालून झपझप मागे गेली. डिकीवर दोन्ही तळवे टेकले. शेजारी उसूने टेकले. दोघांनी गाडी हलवायला सुरुवात केली. टाकीतून गुडगुड आवाज आला.

"घाल आता," माक म्हणाली. त्याने घातलं. पुन्हा टकन. पुन्हा दोघं डिकीला भिडली.

"मकचिक, आज किती?" पंपावरचा माणूस मावशीला हाक मारावी तसा ओळखीने ओरडला.

"मागच्या वेळेला साडेतीन लिटर जास्त गेलं," तिने अभिमानाने सांगितलं. तिला दम लागला होता, तुदुंग सरकला होता, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला वडील असताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही. "हलव रे उसू, अजून मावतंय. कडेकडेने हलव."

सातआठ वेळा तरी झालं. पेट्रोल तोंडाशी चमकायला लागलं तेव्हाच झाकण लागलं. मी मागच्या सीटवर डुलत बसलो होतो, कारण उतरायला मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडीचा आजार मला तिथेच कळला. उसूने किल्ली फिरवली, गाडी खोकली, पेट्रोलचा भपकारा आला. आता शंकाच उरली नाही.

तरी घरी आल्यावर मी जॅक लावून खाली शिरलो. टाकीजवळचा एक काळा डबा सोडवला आणि त्याची नळी काढून खाली भांडं धरलं. त्यातून थेंब थेंब नाही, धारच लागली.

उसूला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी माकलाही हाक मारली.

"ह्या डब्यात कोळसा असतो," मी म्हणालो. "टाकीतली वाफ शोषायची आणि ती हळूहळू इंजिनाला द्यायची, एवढंच त्याचं काम. तुम्ही गळ्यापर्यंत भरता, वर हलवता. मग वाफेऐवजी पेट्रोलच ह्यात शिरतं. कोळसा भिजून चिंब होतो आणि नको तेव्हा ते पेट्रोल इंजिनात ओढलं जातं. त्या आठवड्यात मी टकन थांबल्यावर हात काढत होतो, म्हणून डबा वाळत गेला. बिघाड गाडीत नाही. बिघाड तुम्ही दोघं आहात."

हे शेवटचं वाक्य मी पंपापासून घरापर्यंत मनात घोळवत आलो होतो.

उसू मोठ्याने हसला. "घ्या. वाचवायला गेलो आणि त्याच्या दुप्पट जाळलं. माक, आपण दोघांनी मिळून गाडीची वाट लावली."

माक हसली नाही. ती भांड्यातल्या पेट्रोलकडे बघत होती. तिने दोन्ही हात तुदुंगाच्या टोकाखाली घेतले. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "म्हटलं, इथून जितकं बरोबर जाईल तितकं बरं. आठवडाभर त्याला पुरतं."

पुढच्या रविवारी मी नवा डबा बसवला. तेव्हापासून गाडी लिटरला तेरा देते. उसू खूश आहे. ऑफिसात सगळ्यांना सांगतो म्हणे, माझ्या भावाने जे पकडलं ते सर्व्हिस सेंटरला जमलं नाही. त्या रविवारी चार वाजता तो उठला तशी माकही पर्स घेऊन उठली.

"तू नको गं येऊस," तो म्हणाला. "गुडघा दुखेल. आता दोन मिनिटांचं काम. वाटेतच भरतो आणि तसाच पूल गाठतो."

"बरं," म्हणून ती पर्स मांडीवर घेऊन खाली बसली.

त्या दिवशी मला फार छान वाटलं. खोटं कशाला बोलू. दोघांमधली ती एक गोष्ट मी माझ्या हाताने, माझ्या विद्येने मोडली होती. संध्याकाळी मी रोकियाकडे दुसऱ्यांदा कॉफी मागितली.

महिनाभर असंच चाललं. उसू येतो, जेवतो, चारला निघतो. माक ओसरीतून हात हलवते. गाडीचा आवाज विरला की ती पर्स आत ठेवून येते आणि मग तिला काही करायचं नसतं. एकदा मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाली, "कुठे काय."

मागच्या रविवारी तो गेल्यावर मी म्हणालो, "माक, चल, माझ्या गाडीत पेट्रोल भरायचंय."

माझी पिकअप जुनी आहे, गॅरेजचं सामान वाहते. गुरुवारपासून मी तिच्यात पेट्रोल घातलं नव्हतं. तिच्या टाकीला तसला कोळशाचा डबाच नाही, हलवली तरी काही बिघडत नाही. हे सगळं मी आधी नीट विचार करून ठरवलं होतं. माक निमूट येऊन शेजारी बसली.

नोझल टकन थांबलं. मी मागे गेलो, फळीवर दोन्ही तळवे टेकले आणि हाक मारली, "माक, येतेस ना?"

ती हळूहळू उतरली. मागे आली. माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. राग नव्हता, थट्टाही नव्हती. कोणी वेडगळ काही मागितलं की माणूस बघतं तसं तिने बघितलं.

"कशाला रे, अलोंग?" ती म्हणाली. "तुला कुठे लांब जायचंय?"

आणि दाराला धरून, एकेक पाय सांभाळत, ती परत जागेवर जाऊन बसली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी फळीवरचे हात काढले, नोझल जागेवर अडकवलं आणि टाकीचं झाकण लावलं.