घरची हजामत

"खरा कलावंत शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि तो गेला की शतकसुद्धा थोडं पोरकं होतं."

भाषणाची ही पहिली ओळ थोरल्याने आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिली. झकास वाटली. मग त्याला आठवलं, की याच कलावंताने, म्हणजे बाबांनी, त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा डावा कल्ला कानाच्या पाळीपर्यंत ठेवला होता आणि उजवा पार नाहीसा केला होता. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेव एकाच बाजूने दिसतो, तो त्यामुळे.

वास्तविक बाबांच्या हाताला तोड नव्हती. चौकाच्या तोंडाशी त्यांचं सलून. न्यायाधीशापासून गवंड्यापर्यंत सगळे डोकं त्यांच्या स्वाधीन करून खुशाल डुलकी काढायचे. दुकानात बाबा चकार शब्द बोलत नसत. तोंडाची ती सगळी शिल्लक ते सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी काढत. स्वयंपाकघरात खिडकीपाशी स्टूल, गळ्याभोवती जुनी चादर, आणि घरातलं एकेक डोकं आळीपाळीने. "काय रे, नव्या साहेबाशी जमतंय का?" असं मागून विचारायचं आणि उत्तराच्या वेळी पुढे येऊन तोंडाकडे बघायचं. कात्री मागे, नजर पुढे. व्हायचं ते मानेवर व्हायचं.

म्हणून मंगळवारी प्रत्येक जण गुपचूप रस्ता ओलांडून समोरच्या सलूनात मागच्या दाराने शिरे. तिथले मालक बाबांचे एकुलते एक प्रतिस्पर्धी. घरात त्यांना नुसतं 'समोरचे' म्हणत. हे पाप आपण एकटेच करतो, अशी प्रत्येकाची समजूत होती. एकदा थोरला आणि त्याच्या बहिणीचा नवरा तिथेच आमनेसामने आले.

"पेपर वाचायला आलो होतो," थोरला म्हणाला.

"मी पण," जावई म्हणाला. त्याच्या गळ्यात टॉवेल होता आणि अर्ध्या गालाला साबण. पुढे दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बुधवारी कोणी पाहुणा आला, की ती एखाद्या पोराची मान धरून वळवायची आणि म्हणायची, "बाहेर काय कापतात हो! ह्यांच्या हातचं बघा!" बाबा शेजारी बसून निमूटपणे चहा पीत.

बाबा गेले. आता निदान त्यांच्या हाताची कीर्ती आईपाशी शाबूत राहावी, एवढीच थोरल्याची इच्छा होती. आणि आज बाबांच्या शोकसभेत, व्यापारी मंडळाच्या सभागृहात, भरलेल्या खुर्च्यांसमोर, समोरच्यांना दोन शब्द बोलायचे होते.

"त्यांना बोलू देऊ नकोस," थोरला बहिणीच्या कानाशी कुजबुजला. सभा तीच चालवत होती.

"का?"

"उगाच. लांबण लावतात."

"अगदी! मीच तुला सांगणार होते," ती म्हणाली आणि लालबुंद झाली.

"म्हणजे, तू पण?"

"मी पण काय?"

"मी त्यांना बिस्किटं नेऊन देतो," जावई मध्येच म्हणाला. "तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही."

"तुम्हाला कसली काळजी, भावोजी?"

"मला? मला कसली असणार?"

समोरच्यांनी बिस्किटं शांतपणे संपवली, मिशी पुसली आणि ते माईकपाशी गेले.

"या घरातली झाडून सगळी डोकी माझ्या हाताखालून गेलेली आहेत."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. भाच्यांची आख्खी रांग स्वतःच्या बुटांकडे बघू लागली.

"थोरला पहिल्यांदा आला तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, किल्ला पडला! दुसऱ्या दिवशी ह्याचे वडील स्वतः माझ्या दुकानात हजर. मला वाटलं, आता जुंपणार. तर म्हणाले, 'काल मागून जास्त उतरवलेस. यापुढे मी लांबच ठेवत जाईन, म्हणजे तुला हात फिरवायला जागा राहील.' मी विचारलं, अहो, तुमचा हात एवढा सफाईदार, मग घरीच असं का होतं? तर म्हणाले, 'दुकानात मी केस कापतो. घरी मी पोरं बसवतो. एरवी कोण अर्धा तास बसतंय बापाजवळ? चादर बांधली की पळता येत नाही.'"

सभागृह हसलं.

"माझी नोकरी गेली होती ना," जावई हळूच म्हणाला, "ते त्यांना आधी कळलं. हिला नंतर."

थोरल्याच्या लक्षात आलं, की आयुष्यातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आपण तोंडात केस जात असताना सांगितली आहे. भाषणाचा कागद त्याने चार घड्या घालून खिशात कोंबला. मग धीर करून आईकडे पाहिलं.

आई उठली होती. ती सरळ माईकपाशी गेली. समोरचे एक पाऊल मागे सरकले.

"म्हणजे सगळेच यायचे तुमच्याकडे?"

"हो, वहिनी."

"जावईसुद्धा?"

जावई बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर बारकाईने वाचू लागला.

"आई, आम्हाला तुला दुखवायचं—" थोरला उठत म्हणाला.

"तू बस खाली." ती पुन्हा समोरच्यांकडे वळली. "इतकी वर्षं सगळ्यांचे केस कसे सुतासारखे, आणि माझेच एका बाजूला उतरलेले. मला वाटायचं, बाकीची नीट बसतात, मलाच मेलीला सरळ बसता येत नाही. ह्यांना कशाला बोल लावायचा?"

समोरच्यांनी डोळ्याला रुमाल लावला.

आईने मानेवरून हात फिरवला, एका बाजूला जरासा थांबवला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या दुकान उघडलंत, की मागून तेवढं सरळ करून द्या. फार नको."