आधी वाद्य, मग आपण

“उन्हात नको,” जगदेवराव टांग्यातून उतरता उतरता म्हणाले, तोवर टांगेवाल्याने पेटी अंगणात टेकवलीही होती. पौषातली सकाळ होती. अशा दिवसांत बडोद्यातली माणसं ऊन शोधत फिरतात आणि हे गृहस्थ उन्हावरच रागावले, याचं टांगेवाल्याला नवल वाटलं.

“काका, अंदर काच छे के?” त्याने विचारलं.

आत काच नव्हती. आत गिटार होती, आणि ती वाजवणारा मुलगा आता या जगात नव्हता. एवढं सगळं परक्या माणसाला सांगणं जिवावर आलं, म्हणून जगदेवरावांनी नुसती मान हलवली. पेटी त्यांनी स्वतःच उचलली आणि आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता, सतरंजीवर आडवी ठेवली.

मानसिंग, त्यांचा एकुलता एक मुलगा, शिमल्याच्या एका हॉटेलात गिटार वाजवायचा. मार्गशीर्षात तिथे बर्फ पडलं, त्याच्या छातीत कफ साठला आणि खबर बडोद्याला पोचली तेव्हा बरोबरच्या वादकांनी सगळं उरकलंही होतं. आईबापांना ना तोंड बघायला मिळालं, ना तोंडात पाणी घालायला. त्याची ही पेटी तेवढी रेल्वेने घरी आली. मुठीला किल्ली बांधलेली होती.

मानसिंगच्या आईने, विजयमालाबाईंनी, पेटीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. पेटी पाण्याच्या रांजणासारखी गार होती.

“उघडा,” त्या म्हणाल्या.

“आज नाही. उद्या दुपारी उघडू.”

आता जगदेवरावांविषयी सांगायला हवं, नाहीतर माणूस दगड वाटेल. आमच्या आळीत पुष्कळांना तो तसा वाटायचाच. आजा गायकवाडी पागेत होता, बापाने पहारे दिले, आणि यांच्या हाती भाल्याऐवजी सरकारी वाद्यांच्या कोठीच्या किल्ल्या आल्या. बीन, सारंग्या, तंबोरे, बँडची व्हायोलिनं, सगळ्यांची दुखणीखुपणी हा माणूस काढायचा. स्वतःला मात्र धड आरतीही सुरात म्हणता येत नव्हती. जगदेवरावांकडे पाहुणा उभा राहील, पण तंबोऱ्याला आधी पाट मिळेल, अशी आळीत थट्टा चालायची. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. आधी वाद्य, मग आपण, हे त्यांचं ब्रीदच होतं.

मानसिंग लहान असताना एकदा ते त्याला घेऊन राजवाड्यातली मैफल आटोपून येत होते. खांद्यावर सरकारी सारंगी होती. वाटेत अवकाळी सर आली. जगदेवरावांनी अंगरखा काढून सारंगीला गुंडाळला, पोराच्या डोक्याचं मुंडासं सोडून तेही तिलाच बांधलं. सारंगी कोरडी घरी आली आणि पोर तापाने फणफणलं. विजयमालाबाई रात्रभर उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिल्या. पोराला मात्र बापाचा अभिमान वाटला होता. बरा झाल्यावर तो आळीभर सांगत फिरला की सारंगीला एक थेंबही लागला नाही.

त्याच पोराने पुढे बँडमधल्या एका गोवेकराकडून गिटार शिकून घेतली, तेव्हा जगदेवराव बिथरले. कोठीत जागा मिळत होती ती सोडून तो शिमल्याला निघाला, तेव्हा तर ते म्हणाले की परक्यांच्या नाचाला वाजवणाऱ्याशी मला बोलायचं नाही. आणि बोलले नाहीत, दारापर्यंतही आले नाहीत. आई गोधडी घेऊन मागे धावली. तिथे घरोघर शेगड्या असतात, असं म्हणून मानसिंगने ती घेतली नाही. आईने विणलेला तपकिरी मफलर तेवढा गळ्यात होता.

तर आता पेटी मधे ठेवून दोघं बसली होती. जगदेवराव बायकोला समजावू लागले. थंडीतून आलेलं वाद्य एकदम उबेत उघडलं तर लाकूड दचकतं, पॉलिशला तडे जातात, कधी पोटच फाटतं. ते बंद पेटीत पडू द्यायचं, घरच्या हवेशी आपलं आपण जुळू द्यायचं. कोठीत परदेशी वाद्यं आली की ते असंच करत आले होते.

“त्याचं एवढंच आलंय,” ते म्हणाले. “तेही तडकलं तर काय करायचं?”

हे खरंच होतं. पण उघडायची त्यांना भीती वाटत होती, हेही तितकंच खरं होतं. पेटी बंद होती तोवर पोरगा कुठेतरी प्रवासात असल्यासारखा वाटत होता.

ते आंघोळ करून आले, तर पेटीच्या कडेला पेटलेली शेगडी होती आणि पेटीवर तीच गोधडी, चारी बाजूंनी नीट खोचलेली. विजयमालाबाई उशाशी बसल्या होत्या.

“गारठलाय तो,” त्या म्हणाल्या.

जगदेवरावांना ओरडावंसं वाटलं. पण त्यांनी शेगडी उचलून बाहेर नेली. गोधडीला त्यांनी हात लावला नाही. ऊब हळूहळू चढायला ती चांगलीच होती, आणि नसती तरी त्यांनी काढली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेटीखाली हात घालून पाहिलं. गारवा गेला होता. त्यांनी गोधडी काढली, किल्ली फिरवली आणि झाकण बोटभर उचलून थोडा वेळ तसंच धरलं. मग पुरतं उघडलं.

गिटार शाबूत होती. त्यांनी पोटावरून अंगठा फिरवला, कडा चाचपल्या, सांधे पाहिले. कुठे केसाएवढी चीर नव्हती. मग त्यांचं लक्ष तारांकडे गेलं. साऱ्या तारा सैल सोडलेल्या होत्या. लांबच्या प्रवासाला किंवा फार दिवस निजवायचं असलं की वाद्याच्या तारा उतरवायच्या, ही त्यांच्या कोठीची रीत होती. हॉटेलातल्या कुणाला ती ठाऊक असणार? आता आपल्याकडून वाजवणं होणार नाही आणि ही घरी जाणार, हे पोराला कळलं होतं, आणि त्याने आपल्या हातांनी खुंट्या पिळल्या होत्या.

“त्यानेच उतरवल्यात,” जगदेवराव म्हणाले. “विसरला नाही.” इतक्या दिवसांनी त्यांच्या आवाजात बापाचा अभिमान आला होता.

विजयमालाबाई तारांकडे पाहतच नव्हत्या. गिटारच्या दांडीला वरपासून खालपर्यंत तपकिरी मफलर गुंडाळलेला होता, बाळाला दुपट्यात बांधावं तसा घट्ट. त्यांनी विणीवरून बोट फिरवलं. टाके त्यांचेच होते.

“हा इथे,” त्या म्हणाल्या, “मग त्याच्या गळ्याभोवती काय होतं?”

त्या भांडायला विचारत नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. जगदेवरावांना उत्तर माहीत होतं. त्यांनीच ते पोराला शिकवलं होतं. ते खाली बसले आणि आळीने ज्यांच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलं नव्हतं ते जगदेवराव पेटीच्या काठावर डोकं टेकून रडले.

बऱ्याच वेळाने ते उठले. मफलर तरी हिच्या हाती द्यावा म्हणून त्याचं टोक सोडवू लागले. विजयमालाबाईंनी त्यांचा हात धरला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “थंडी सरली नाही अजून.”

आणि सुटलेलं टोक त्यांनी पुन्हा दांडीभोवती घेऊन आत खोचलं.