मिशनमधली नवी खोली

"ओटा किती उंच घेऊ, बाई?" नत्थू मिस्त्रीने विचारलं.

"माह्या कमरेबरोबर घ्या," शकुबाई म्हणाली. "खाटेवर वाकून वाकून पाठ गेली माही."

ती भिंतीला लागून उभी राहिली. नत्थूने तिच्या कमरेशी पेन्सिलची रेघ मारली आणि हसून म्हणाला, "इंजिनेरच्या कागदात तं दुसरंच माप हाये."

"इंजिनेर बाळंतपण करते का?"

मिशनच्या दवाखान्यामागे बाळंतपणाची खोली उभी राहत होती. सानगडीच्या रस्त्यावरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं दोनच, पण तापखोकल्याला सगळा गाव मिशनमध्येच यायचा. शकुबाई सत्तावीस वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, तिथे झाडूपोछ्याला लागली. सिस्टर रिता केरळकडच्या. त्यांनी तिला आधी कात्री उकळायला शिकवलं, मग नाळ कापायला. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली की शकुबाई दाराबाहेर उभी राहायची. आतून शेवटचं 'आमेन' ऐकू आलं की चुलीवर पाणी चढवायची. गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली होती.

ती सगळी मागच्या पडवीत, चादरीच्या आडोशाला. बारा वर्षांपूर्वी श्रावणात गावातल्या आनंदाबाईची सून चंदा तिथेच अडली. भरदुपारी पाऊस असा आडवा येत होता की चादर भिजून तिच्या अंगाला चिकटली. बाळ वाचलं. चंदाचं रक्त थांबेना. तिला साकोलीच्या दवाखान्यात न्यायला काढलेली गाडी नाल्याला पूर आल्याने अलीकडेच उभी राहिली, आणि शकुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून चंदा गेली. त्यानंतर दरवर्षी शकुबाईने सिस्टरांच्या मागे लागून अर्ज लिहून घेतला. मंजुरी यायला इतकी वर्षं लागली.

आता दवाखाना आटोपला की ती पदर खोचून घमेली उचलायची. मजुरीवरच्या बायांना, रेजांना, काम उरणार नाही म्हणून नत्थू कुरकुरायचा. ती ऐकायची नाही. खिडकी पूर्वेला तिनेच सांगितली. धुतलेलं पाणी नीट वाहून जातं का, हे बादली ओतून तिनेच पाहिलं.

दिवाळीच्या आधी खोली पूर्ण झाली. दिवाळीनंतर मिशनच्या वरच्या कचेरीचं पत्र आलं. सिस्टर रितांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"शकुबाई, डॉक्टर नसेल तिथे बाळंतपण करायचं नाही, असं लिहिलंय."

"मंग खोली कायले बांधली?"

"मंजुरी जुन्या अर्जाची आली. नियम नवे आले." सिस्टरांनी पत्राची घडी घातली. "आणि येतं तरी कोण आता? तीन वर्षांत चार बायका आल्या."

हे खरंच होतं. रस्ता डांबरी झाला होता, नाल्यावर पूल झाला होता, फोन केला की एकशे आठची गाडी दारात यायची. सिस्टर म्हणाल्या, औषधांची खोकी तिथे ठेवू. शकुबाई म्हणाली, "राहू द्या. एखादी अडली-नडली आली तं?" आणि रोज सकाळी रिकामी खोली पुसत राहिली.

धानकापणीच्या दिवसांत तिची सून तृप्ती हिला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. निरोप येताच शकुबाई घरी धावली. पोटावर हात ठेवताच तिला समजलं, डोकं खाली आहे, सगळं बरोबर आहे, संध्याकाळपर्यंत होईल.

"घाबरू नको. मी हाओ ना," ती म्हणाली.

तृप्तीने तिचा हात घट्ट धरला. "आई, मले साकोलीले न्या. तिथं डॉक्टर हाये."

शकुबाईचा मुलगा योगेंद्र खाली पाहत उभा होता. शकुबाईला चंदाचा चेहरा आठवला.

"बघत का राहिला?" ती त्याला म्हणाली. "फोन लाव गाडीले."

गाडी आली. तिनेच सुनेला हात देऊन चढवलं, पाठीशी उशी लावली. ड्रायव्हर म्हणाला, सोबत एकच जण बसेल. ती खाली उतरली आणि योगेंद्र वर चढला.

ती दवाखान्यात परत गेली. पडवीतलं एक खोकं उचलून तिने नव्या खोलीत नेऊन ठेवलं, मग दुसरं.

"आज राहू द्या, शकुबाई," सिस्टर म्हणाल्या.

"ठेवूनच टाकू. बाहेर उंदरं लागून राहिले."

चारच्या सुमाराला योगेंद्रचा फोन आला. "पोरगी झाली, आई. दोघीबी बऱ्या हायेत."

"लगेच रडली का?"

"मले का माहीत? आमाले बाहेर बसवलं होतं."

"नर्सले विचार ना."

"लय गर्दी हाये, आई. आता कोनाले विचारू?"

"बरं. तृप्तीले गरम काई दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सिस्टरांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली.

शकुबाई येऊन बाहेरच्या पायरीवर बसली. समोरच्या धानाच्या बांधीतून कापणीच्या बाया विळे घेऊन घराकडे निघाल्या होत्या. त्यांतली गोदावरीबाई कुंपणापाशी थांबली.

"का झालं वं, बाई, सुनेले?"

"पोरगी," शकुबाई म्हणाली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "लगेच रडली. चांगली मोठ्यानं."