मावशीचा आजार घेणारं झाड

अरे, ऐका तरी! त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर कुंडी, कुंडीत ब्रोमेलियाड. तेच रे, अननसाच्या शेंड्यासारखं, मधल्या पेल्यात पाणी धरणारं. आणि स्टेजवर पानगुरू! हिरवा कोट, हिरवा चष्मा, मोजेसुद्धा हिरवे!

"न फुलणारं झाड मी फुलवतो! फुललं की तुमचा आजार त्यात उतरला. मग झाड मरेल, तुम्ही जगाल. गोळ्या त्याच दिवशी बंद!"

टाळ्या! माझी मावशी तर रडायलाच लागली. तिला ब्लडप्रेशर, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, गोळी चुकवायची नाही.

तिचं झाड दहा दिवस गुरूंच्या 'मौनखोलीत', प्लास्टिकच्या पिशवीत बंद. परत आणायला मीच गेले. घरी पेल्यात पाणी ओततेय, तर पानाच्या बेचक्यात सफरचंदाची बी! म्हटलं, गुरू झाडाला डबा देतात की काय?

नर्सरीवाल्या काकूंना दाखवली. त्या पोट धरून हसल्या. "अगं, पिकलेल्या फळातून इथिलीन वायू सुटतो. त्याने मोठं झालेलं ब्रोमेलियाड फुलतं. आम्ही नेहमीच करतो. पेल्यातलं पाणी काढ, सफरचंद ठेव, पिशवी बांध. दहा दिवस सावलीत."

मी त्यांच्याकडून तसलंच झाड आणून बांधलं. मंत्र येत नव्हता, म्हणून रोज सकाळी शिव्या दिल्या. "ऊठ, आळशी! फुकट्या!"

दोन महिन्यांनी मावशीच्या झाडाला लालभडक तुरा. ती गोळ्या घेऊन थेट कचऱ्याच्या डब्याकडे! मी आडवी आले, माझी कुंडी समोर ठेवली. तसाच तुरा!

"तूपण गुरूंकडे गेलीस?"

"सफरचंदाकडे." सगळं सांगून टाकलं.

"पण गेल्या वर्षी गुरूंकडे गेलेल्या शेजारणीचं झाड मेलं ना! ती ठणठणीत आहे!"

"मावशी, ब्रोमेलियाड एकदा फुललं की हळूहळू मरतंच. बुडाशी पिल्लं, म्हणजे नवे कोंब, सोडून. त्याला गुरू लागत नाही."

मावशीने वाकून आपल्या झाडाच्या बुडाशी बोट फिरवलं. कोवळं पिल्लू होतं!

"मेल्याने माझ्या झाडाला सफरचंदाचा वास दिला आणि मला उल्लू बनवलं!" म्हणाली, आणि गटकन गोळी गिळली.

तर मंडळी, झाडं खुशाल फुलवा. पण चमत्कार दिसला की आधी विचारा, पिशवीत काय होतं? आणि गोळी बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारा. हिरव्या मोज्यांना नको.